बिरप्पाचे बिनपैशांचे रविवार

बिरप्पा हमाल माणूस. सोलापूरच्या कांदा बाजारात पोती उचलायची, ट्रकवर थप्पी लावायची, हे त्याचं बारा वर्षांचं काम. पोत्यात रुतवून ओढायला हमालांच्या हातात लोखंडी आकडा असतो. वीतभर लांब, पुढं वाकलेला, टोक दाभणासारखं. तो आकडा कमरेला खोचूनच तो रोज घरी यायचा. मार्चमधल्या एका संध्याकाळी असाच आला, तेव्हा नऊ वर्षांची सृष्टी दारातच वाट बघत उभी होती.

तिच्या वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस शहराबाहेरच्या वॉटर पार्कमध्ये झाला होता. पाण्याच्या घसरगुंड्या, खोट्या लाटा, सगळं तिनं ऐकून ऐकून पाठ केलं होतं. गेले आठ दिवस ती एकच धोशा लावून बसली होती.

"आबा, आपन कवा जायाचं?"

"बघू."

"बघू म्हंजे कवा?"

"सृष्टे, त्यांना हातपाय तरी धुऊ दे," आतून तिच्या आईनं, रुपालीनं, शिलाई मशीन न थांबवता सांगितलं. ती टॉवेलच्या कडा शिवायची. नगावर मजुरी होती, त्यामुळं मशीन थांबवणं तिला परवडत नसे.

"नुसतं बघू बघू म्हनायचं. तुमाला आमाला कुटं न्यायचंच न्हाय," सृष्टी म्हणाली.

खरं तर एवढंच. पण त्या दिवशी बिरप्पानं तीन ट्रक भरले होते, खांद्याची कातडी सोलली होती, आणि पोरगी म्हणाली ते खोटं नव्हतं. चौघांचं तिकीट म्हणजे अर्ध्या हप्त्याची कमाई. खुंटीला टांगायला त्यानं कमरेचा आकडा नुकताच काढला होता. त्याचा हात उठला. हातात आकडा आहे हे त्याला पोरगी किंचाळल्यावर कळलं. दंडाचं मांस कोपराच्या वरपासून उसवलं होतं आणि उंबऱ्यावर रक्ताची धार लागली होती.

सरकारी दवाखान्यात सात टाके पडले. डॉक्टरनं विचारलं, कसं लागलं? रुपाली म्हणाली, "खिळ्याला अडकली." डॉक्टरनं पोरीकडं बघितलं. सृष्टीनंही मान हलवली. ते मान हलवणं बिरप्पा कधी विसरला नाही.

त्याचा बाप सिद्धनाथ मंगळवेढ्याकडचा मेंढपाळ. बिरप्पा दहा वर्षांचा असताना त्याचा डोळा लागला आणि लांडग्यानं कोकरू नेलं. बापानं त्याला बाभळीला बांधलं आणि ओल्या दोरानं पाठ फोडली. चार दिवस त्याला उताणं झोपता आलं नव्हतं. पाचव्या दिवशी बापानंच हळद लावली, पण तोंडातून शब्द काढला नाही. बाप म्हणजे असंच असतं, असं बिरप्पा धरून चालला होता. मारायचं, मग हळद लावायची. पण सृष्टीच्या दंडाला तो मलम लावायला गेला, तेव्हा पोरीनं डोळे गच्च मिटले आणि खांदे आखडून घेतले. तेव्हा त्याला कळलं की आपल्या बापाला आपणही असेच दिसत असू.

माफी कशी मागतात हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पुढच्या रविवारी सकाळी त्यानं आकडा बाजारातल्याच पेटीत ठेवून दिलाय असं रुपालीला सांगितलं, खुंटीवरचं जुनं घोंगडं खांद्यावर टाकलं, आणि सृष्टीला व तिच्या सहा वर्षांच्या भावाला, माउलीला, म्हणाला, "चला."

"कुटं?"

"चला तर."

तिथून त्यांचे रविवार सुरू झाले. पैसा लागणार नाही तिथंच जायचं, हा एकच नियम. कधी रेल्वेच्या पुलावर उभं राहायचं आणि मालगाडीचे डबे मोजायचे. चुकेल त्यानं सगळ्यांना पाठंगुळी घ्यायचं. माउलीवर पाळी आली की बिरप्पा गुडघ्यावर चालत त्याच्या पाठीला लोंबायचा. कधी नवी पेठेतून हिंडायचं आणि दुकानांच्या काचांमागं दिसेल त्यातलं एकेक 'आपलं' करायचं. सृष्टीनं तिथं एका रविवारात चौदा साड्या आईच्या नावावर केल्या. कधी बाजार बंद असताना कांद्याच्या सालींच्या ढिगात उड्या मारायच्या. लाल, हलक्या, कागदासारख्या साली. पोरं आत कमरेपर्यंत बुडायची आणि दोन दिवस घराला कांद्याचा वास यायचा.

वस्तीतली आणखी एक पोरगी त्यांच्यासोबत येऊ लागली. संस्कृती, शेजारच्या हिंदुरावची. हिंदुराव रिक्षा चालवायचा, रविवारी त्याला धंद्याची घाई. आठ वर्षांची संस्कृती सकाळी चप्पल घालून बिरप्पाच्या दारात उभी राहायची.

पण पोरांचा लाडका खेळ माळावरचा. शहर संपून अक्कलकोटकडं जाणारा रस्ता लागतो, त्याच्या एका अंगाला उघडा माळ होता. तिथं बिरप्पा घोंगडं पांघरून चार पायांवर लांडगा व्हायचा. सृष्टी आणि संस्कृती मेंढरं, माउली मेंढका. त्याच्या हातात खरी काठी. लांडगा गुरगुरत यायचा, मेंढरं किंचाळत पळायची, लांडगा एकीला घोंगड्यात गुंडाळून पळवून न्यायचा आणि मेंढक्यानं काठी आपटत तिला सोडवायचं. ज्या हाताला पोरगी भ्यायची, त्याच हातानं आता तिला पकडावं म्हणून ती मुद्दाम हळू पळायची. बिरप्पाला याहून जास्त काही नको होतं.

ऑक्टोबरात फोनवर एक व्हिडिओ फिरायला लागला. पोरं पळवणारी टोळी आलीय, घोंगडी पांघरून हिंडतात, पोरांना गुंगीचं औषध देतात. कुठला व्हिडिओ, कधीचा, कुणाला ठाऊक नव्हतं. शनिवारी हिंदुराव हसत हसत म्हणाला, "बिरप्पा, उद्या घोंगडं घरीच ठेवा बरं का. न्हायतर तुमालाच धरत्याल."

"मला कोन धरतंय," बिरप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास खेळ रंगात आला होता. लांडग्यानं संस्कृतीला पकडलं. ती तोंड फाटेस्तोवर किंचाळत होती, पाय झाडत होती, आणि बिरप्पा तिला घोंगड्यात गुंडाळून झुडपाकडं पळत होता. रस्त्यावर दोन मोटारसायकली थांबल्या. मग तिसरी. पाचसहा जण माळावर उतरले.

"ए! थांब! काय चाललंय?"

बिरप्पानं संस्कृतीला खाली ठेवलं. धापा टाकत हसला. "खेळ चाललाय पोरांचा."

"पोरगी कुनाची?"

"शेजाऱ्याची हाय."

तो शब्द ऐकून त्यांनी एकमेकांकडं बघितलं. एक दाढीवाला पुढं आला आणि त्यानं खणकन बिरप्पाच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्यानं माउलीपाशी वाकून विचारलं, "बाळ, भिऊ नगो. ह्यो मानूस कोन हाय तुजा?"

माउलीच्या हातात काठी होती. तोंड उघडं पडलं होतं. बापाला कुणी मारलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्यानं वर बघितलं आणि जे तोंडात होतं तेच बोलला.

"लांडगा."

"माजा बाप हाय त्यो!" सृष्टी ओरडली. पण तोवर दोघातिघांचा आवाज चढला होता, रस्त्यावर आणखी गाड्या थांबत होत्या, आणि एक किडकिडीत पोरगा, मिसरूड फुटलेला, संस्कृतीला उचलून रस्त्याकडं पळत सुटला होता. संस्कृती आता खरीखुरी किंचाळत होती. "काका! काका!"

बिरप्पानं बघितलं ते एवढंच. अनोळखी माणूस दुसऱ्याची पोरगी उचलून पळतोय. हिंदुरावनं विश्वासानं धाडलेली पोरगी. त्यानं माउलीच्या हातातली काठी हिसकली, चार ढेंगांत त्या पोराला गाठलं आणि बाजूनं तोंडावर हाणली. पन्नास किलोचं पोतं लीलया फेकणारा हात तो. हाड मोडल्याचा आवाज आला. पोरगा संस्कृतीसकट खाली पडला आणि त्याच्या तोंडातून रक्तासोबत दोन दात बाहेर आले. बिरप्पानं दुसऱ्यांदा काठी उगारली. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला बरं वाटलं. बाभळीला बांधल्यापासून अंगात साचलेलं काहीतरी मोकळं होत होतं. ही गोष्ट त्यानं पुढं फक्त रुपालीला सांगितली.

दुसरी काठी खाली आलीच नाही. मागून डोक्यात दगड बसला.

मग जमाव तुटून पडला. सुरुवातीला सहा होते, मग पंधरा, मग किती ते कुणी मोजलं नाही. रस्त्यानं जाणारा थांबायचा, "काय झालं?" विचारायचा, "पोरं चोरणारा सापडलाय" ऐकायचा आणि गाडी उभी करून एक लाथ घालायला यायचा. पट्ट्यांच्या बक्कलांनी कपाळ फुटलं. कुणीतरी त्याच्याच घोंगड्यानं त्याचं तोंड बांधलं. आतून तो ओरडत होता, "माजी पोरं हायती, माजी पोरं," पण लोकरीतून बाहेर नुसती गुरगुर येत होती. डावा हात कुणीतरी दगडावर ठेवला आणि वरून टाच मारली. बरगड्यांवर लाथा बसत होत्या. दोघं जण फोन वर धरून उभे होते. "तोंड दाव त्याचं," एक जण दुसऱ्याला सांगत होता.

सृष्टी पायांच्या गर्दीत घुसली. कुणीतरी तिला कमरेला धरून उचललं, "बघू नगो बाळा," म्हणत बाजूला नेलं. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली आणि सुटली. पुन्हा घुसली, पुन्हा उचलली गेली. ती जितकी रडत होती तितका लोकांना चेव येत होता. "बघा, पोरगी कशी भ्यालीय!" दुसऱ्या खेपेला सुटली तेव्हा तिनं रडणं थांबवलं. आपलं ओरडणं बापाच्या अंगावर पडतंय हे तिच्या ध्यानात आलं. ती उलटी फिरली आणि रस्त्याकडं पळाली.

समोरून एसटी येत होती. सृष्टी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, बस तिरकी होऊन पोरीपासून दोन हातांवर थांबली. आतली माणसं पुढं आदळली. खाकी कपड्यातली कंडक्टर बाई शिव्या देतच खाली उतरली.

"मरायला आलीस का गं?"

"माझ्या आबाला मारायलेत," सृष्टी म्हणाली. आवाज शांत होता. "त्यो चोर न्हाय. माझा बाप हाय. माझ्या शाळंच्या डायरीत त्याचा फोटू हाय."

कंडक्टर बाईनं माळाकडं बघितलं. दुसरी कुणी असती तर बसमध्ये चढून दार लावून घेतलं असतं. हिनं बस मागं घेताना वाजवायची शिट्टी तोंडात धरली आणि जोरजोरात वाजवत गर्दीकडं चालू लागली. मागून ड्रायव्हर, त्यामागं आठदहा प्रवासी. शिट्टी आणि खाकी. गर्दीच्या कडेचे लोक वळून बघू लागले. "पोलीस आलं, पोलीस!" कुणीतरी ओरडलं. मघाशी धावत आलेले आता धावत गाड्यांकडं निघाले. मिनिटाभरात माळावर बिरप्पा, तोंड धरून बसलेला तो किडकिडीत पोरगा, आणि काठी हिसकली त्या जागेवरून न हललेला माउली एवढेच उरले. माउलीची चड्डी ओली झाली होती. संस्कृती माळावरच्या एका बाभळीआड लपली होती, बाहेर यायला तयार नव्हती.

बिरप्पा बावीस दिवस दवाखान्यात होता. तीन बरगड्या, डावा हात दोन ठिकाणी, डाव्या कानाचा पडदा. तो कान गेला तो गेलाच. हिंदुराव पहिल्या दिवशी आला तो पलंगाच्या पायथ्याशी बसून ओक्साबोक्शी रडला. त्यानंच पोलिसांत जबाब दिला की पोरगी माझी, मीच पाठवली होती. माळावर लोकांनी काढलेल्या व्हिडिओवरून बारा जणांवर गुन्हा दाखल झाला.

आठव्या दिवशी एक बाई पलंगापाशी येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, हातात डबा. नाव गिरिजाबाई, अक्कलकोटच्या बाजूची. बोलण्यात कानडी मिसळलेली.

"अण्णा, मी विरुपाक्षची आई. तुमी ज्याचा जबडा मोडला त्याची."

रुपाली ताडकन उठली. "लाज न्हाय वाटत हितं यायला? मारून टाकत हुते ह्यांना!"

"त्यानं मारलं न्हाय गं बाई," गिरिजाबाई म्हणाली. "त्यो पोरीला घेऊन पळाला. चोरापासून वाचवायला. एकोणीस वर्साचा हाय. तोंड तारंनं बांधलंय, नळीनं पाजतीय मी त्याला. आता पोलिसांनी त्याचंबी नाव घातलंय बाराजणांत."

बिरप्पा छताकडं बघत पडून होता. त्यानं सावकाश विचारलं, "पोरगी पडली तवा त्यानं काय केलं?"

"कुनी?"

"तुमच्या पोरानं. मी हानल्यावर. मला आठवतंय. पडता पडता त्यानं पोरीचं डोकं छातीशी धरलं. तिला खरचटलंसुदिक न्हाय."

गिरिजाबाईला हे माहीत नव्हतं. ती तोंडात पदर कोंबून रडू लागली.

त्या दुपारी हवालदार जबाब घ्यायला आला. रुपालीनं आधीच बजावलं होतं, काठीचं काही बोलायचं नाही. बिरप्पानं सगळं सांगितलं. मला पहिली थप्पड दाढीवाल्यानं मारली. पोराला काठी मी मारली. त्यानं माझ्यावर हात उचलला नव्हता.

हवालदारानं पेन थांबवलं. "अहो, असं लिहिलं तर तुमच्यावरही गुन्हा होईल."

"होऊ द्या. त्यानं जे बघितलं तेच मीबी बघितलं. दोघं पोरगीच वाचवत हुतो. बाकीच्यांना सोडू नका. एकालाबी सोडू नका. पर त्याचं नाव काढा."

रुपाली त्याच्यावर भडकली. पोरांच्या तोंडचा घास काढून लोकांना न्याय वाटत बसलाय, म्हणाली. तिचंही चुकत नव्हतं. डाव्या हातानं आता पोतं उचलणं जमणार नव्हतं. पुढं बिरप्पावर गुन्हा झालाच, जामीनही झाला. विरुपाक्षचं नाव साक्षीदारांत गेलं. बाकीचा खटला अजून चालू आहे, तारखा पडतात.

घरी आल्यावर वेगळंच दुखणं समोर आलं. माउली बोलत नव्हता. जेवायचा, शाळेत जायचा, पण विचारलं तर मान हलवायचा, बस. बापाजवळ यायचा नाही. महिनाभर असं चाललं.

डिसेंबरातल्या एका दुपारी बिरप्पा घरामागं गेला, तर माउली वस्तीतल्या कुत्रीच्या पिल्लाला काठीनं मारत होता. पिल्लू भिंतीच्या कोपऱ्यात अडकलं होतं, एक पाय लुळा पडला होता, कुईकुईसुद्धा थांबली होती. माउली दात चावून, मोजल्यासारखा, एकाच लयीत हाणत होता.

बिरप्पाचा उजवा हात आपोआप वर गेला. माउलीनं वळून बघितलं. पळाला नाही. काठी टाकली, डोळे मिटले, आणि तोंड वर करून उभा राहिला.

"मारा की," तो म्हणाला. महिन्याभरानं फुटलेला तो पहिला शब्द. "म्याच म्हनलं लांडगा. म्हून मारलं तुमाला."

बिरप्पाचा हात वरच राहिला. तो खाली कसा आणायचा हेच त्याला क्षणभर कळेना. मग तो जमिनीवर बसला. बरगड्यांतून कळ गेली.

"हिकडं ये."

माउली हलला नाही.

"मी काय हुतो रं तवा? खेळात मी काय हुतो?"

"लांडगा."

"मग तू खोटं बोललास का? इचारलं ते खरं सांगितलंस. मारनाऱ्यांनी मारलं. तू न्हाय मारलं."

माउलीनं डोळे उघडले. बापाचा हात आता मांडीवर होता. तो एक पाऊल पुढं आला, मग दुसरं, आणि मग सगळा एकदम अंगावर कोसळला. मोडलेल्या बरगडीवरच. बिरप्पानं ओठ चावला, पण त्याला बाजूला केलं नाही. पोरगा हुंदके देत राहिला. बऱ्याच वेळानं दोघांनी पिल्लाच्या पायाला चिंधी आणि काडी बांधली. पिल्लू दोघांनाही चावलं.

आता बिरप्पा बाजारात बायकांच्या रांगेत बसून कांदा निवडतो. मजुरी निम्मी. सुरुवातीला जुने हमाल हसले, मग सवय झाली.

रविवारी बाहेर जायचं ठरवलं ते रुपालीनं. बिरप्पा नको म्हणत होता. तिनं मशीनवर कापड टाकलं, वस्तीत फिरली, आणि चार बायका, दोन म्हाताऱ्या, हिंदुराव आणि अकरा पोरं गोळा केली. "एवढ्या मानसांना कोन धरतंय बघते," म्हणाली. फेब्रुवारीत सगळी पायी तळ्याकाठच्या बागेत गेली. पोरांनी एकमेकांना ढकललं, पाडलं, केस ओढले, आणि पुन्हा पळत सुटली. एकटी संस्कृती लांब पळायला घाबरत होती. सोबत आलेल्या आजीचा पदर सोडत नव्हती.

बिरप्पा झाडाखाली हात पाठीमागं बांधून उभा होता. बाहेर तो तसाच उभा राहतो आता. कुणाचं तरी दोन वर्षांचं पोर धडपडत त्याच्या पायापाशी येऊन आपटलं आणि भोकांड पसरून रडू लागलं. कपाळाला खोक पडली होती. बिरप्पा वाकला, आणि मधेच थांबला. लोक बघत होते. त्याच्या पाठीवर घाम फुटला. हात मागंच राहिले.

सृष्टी पळत आली, तिनं पोराला उचललं आणि फ्रॉकच्या घेरानं रक्त टिपलं. पोराची आई धावत आली, तिनं पोर ओढून घेतलं, बिरप्पाकडं एक नजर टाकली आणि गेली.

"आबा, चला, भाकरी सोडलीय," सृष्टी म्हणाली.

"तू हो म्होरं. आलो."

ती गेली नाही. तिथंच उभी राहिली, त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत. मग त्याच्या शर्टाचं टोक धरून त्याला ओढत बायकांच्या घोळक्याकडं घेऊन गेली. तिथं कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीबरोबर वाटणं चाललं होतं, आणि चटणी तिखट झाली म्हणून रुपालीशी हिंदुरावचं भांडण जुंपलं होतं.